चित्रपटाचे नेपथ्य : शहापूर-मुरबाडच्या तरुणांस काही सूचना

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेले माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांची स्मृती आपल्या मुलखात आजही जागती आहे. आणि चांगला कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात आल्यापासून त्या प्रसंगावर, अथवा तशाच एखाद्या स्थानिक कथेवर, अर्ध्या तासाचा का होईना पण आपला चित्रपट व्हावा, अशी आकांक्षा शहापूर, खर्डी, डोळखांब, टोकावडे येथील तरुणांनी बाळगली तर ती सर्वथा रास्त आहे. कथा मिळते, नट मिळतात, डोंगर तर जन्मापासून समोर उभाच असतो. गाडे अडते ते घर, हत्यारे, भांडी, धूर, पाऊस, बंदुकीची गोळी आणि कोसळणारा विजेचा मनोरा यांच्यापाशी. या गोष्टी कशा सिद्ध कराव्यात, एवढाच या लेखाचा विषय असून सोयीसाठी सिद्धगडाचाच प्रसंग उदाहरणादाखल घेतला आहे.

या कामाचा पहिला धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण कल्याण-कर्जत लोहमार्गावरील वांगणी या खेड्यात योजले, आणि मंडळींना सामानसुमानासह पुढे धाडले. त्या वेळची जी हकीकत चरित्रकारांनी नमूद केली आहे ती अशी की, ढाली-तलवारी घेऊन आलेला हा जमाव पाहून गावकऱ्यांस दरोडेखोरांची टोळी आल्याचा संशय आला, पोलिसांस वर्दी गेली आणि मंडळी अटकेत पडली. मागाहून आलेल्या फाळक्यांनी कॅमेरा उघडून, चित्रण कसे होते ते प्रत्यक्ष दाखवले तेव्हा कुठे सुटका झाली. या हकीकतीतून दोन गोष्टी घ्याव्यात. सामान नीट केलेले असेल तर ते पडद्यावर जाण्यापूर्वीच माणसाची खात्री पटवते, ही एक. दुसरी अगदी व्यवहाराची : हत्यारांची पेटी गावात उतरवण्यापूर्वी पोलीस पाटील, सरपंच आणि पोलीस ठाणे यांना लेखी कळवून त्याची पोच जवळ ठेवावी.

आरंभीच्या चित्रपटांतील महाल आणि अरण्ये ही नाटकाच्या रीतीने पडद्यावर रंगवलेली असत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ती रीत मोडून, ज्यात माणूस वावरू शकेल अशी भरीव, तिन्ही बाजूंची घडण असलेली दृश्यस्थळे उभारली. त्यांच्याच तालमीत वाढलेले फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे कलादिग्दर्शक झाले आणि दामल्यांसह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. त्या चित्रपटातील तुकोबांचे घर एकदा केवळ नेपथ्याकडे लक्ष ठेवून पाहावे, असा माझा आग्रह आहे. त्यात शोभेसाठी ठेवलेली वस्तू शोधावी लागते, आणि संसारासाठी ठेवलेली वस्तू पदोपदी दिसते. माझ्या मते या विद्येचे मर्म इथेच आहे. पडद्यावरची वस्तू खरी वाटते ती तिच्यावरील नक्षीमुळे किंवा किमतीमुळे नव्हे, तर ती कोणीतरी वर्षानुवर्षे वापरली आहे, याच्या खुणांमुळे. आणि या खुणा ओळखण्याच्या बाबतीत ज्याच्या घरी आजी-आजोबांच्या काळापासूनची कणगी, जाते आणि घोंगडी आहे असा आपला तरुण शहरातल्या कारागिरापेक्षा कितीतरी पुढे असतो.

कामास हात घालण्यापूर्वी संहिता हाती घेऊन प्रत्येक दृश्याची यादी करावी. स्थळ कोणते, वेळ दिवसाची की रात्रीची, नट कोणत्या वस्तूला हात लावतो, कोणती वस्तू नुसती मागे दिसते, आणि कोणती वस्तू दृश्यात मोडते, जळते अथवा भिजते. शेवटच्या प्रकारच्या वस्तूंच्या किमान तीन प्रती लागतात, हे अंदाजपत्रक करतानाच धरावे. मग दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांच्यासह बसून कॅमेरा कोठे राहणार ते ठरवावे, कारण भिंगाला जे दिसणार नाही ते बांधण्यात पैसा घालणे व्यर्थ आहे. गल्लीचे दृश्य आहे म्हणून चार घरे उभारण्याची गरज नसते. एक पडवी, एक कुंपण आणि त्यापलीकडे खरा डोंगर एवढ्याने वाडी उभी राहते.

आता घर. कोतवालांच्या आझाद दस्त्यातली, म्हणजे त्यांच्या तुकडीतली, माणसे एखाद्या ठाकराच्या झोपडीत रात्र काढतात, असे दृश्य कल्पू. वाडीवर जाऊन खऱ्या घरातच चित्रण करावे, हा मोह साहजिक आहे. पण खरे घर बहुधा इतके आटोपशीर असते की कॅमेरा मागे न्यायला जागाच उरत नाही, आणि रुंद भिंग लावले तर भिंती वाकड्या दिसू लागतात. म्हणून घर बांधावे, पण त्यातल्या खोलीची लांबी-रुंदी खऱ्या घराच्या सव्वापट घ्यावी आणि दार, चूल, उखळ ही मात्र खऱ्याच मापाची ठेवावीत. कारण प्रेक्षकाला खोलीचे माप आठवत नाही, पण दारातून शिरताना माणूस किती वाकतो हे तो अचूक ओळखतो. चौथी भिंत निखळती करावी : तिचा कूड स्वतंत्र चौकटीवर बांधून मेढींना सुतळीने आवळला की दोन माणसे तो पाच मिनिटांत उचलून बाजूला ठेवू शकतात. छपराचाही कॅमेऱ्यामागचा अर्धा भाग उघडा ठेवावा, म्हणजे प्रकाशाची तजवीज वरून करता येते.

कुडासाठी कारवीच्या काठ्या, मेढींसाठी सरळ वासे, छपरासाठी बांबू आणि पेंढा किंवा गवत, हा सारा सरंजाम आपल्याकडे दूर धुंडाळावा लागत नाही. माती, शेण आणि भाताचा तूस यांचा गिलावा दोन हातांत द्यावा. पहिला हात खरखरीत ठेवून तो पुरता वाळू द्यावा आणि मग दुसरा पातळ हात फिरवावा. पौषातल्या कोरड्या उन्हात हे काम लवकर वाळते, आणि वाळताना ज्या बारीक भेगा पडतात त्या बुजवू नयेत. शाळेच्या सभागृहात किंवा गोदामात दृश्य उभारायचे असेल तर ओल्या मातीचा भार सोसवत नाही; तिथे आठ फूट उंच आणि चार फूट रुंद अशा लाकडी रिपांच्या चौकटी करून त्यांवर प्लायवूड ठोकावे, त्यावर गोणपाट चिकटवावे आणि लाकडाचा भुसा, फेविकॉल व गेरू यांचे दाट मिश्रण हाताने, पंजाच्या खुणा उमटतील असे, थापावे. मागून टेकू देऊन त्यावर वाळूची पोती ठेवली नाहीत तर अशी भिंत वाऱ्याच्या एका झोताने नटाच्या अंगावर येऊ शकते. जमिनीचे सारवण चित्रणाच्या आदल्या दिवशी करावे. ओले सारवण काळपट आणि वाळलेले फिकट दिसते, तेव्हा सकाळी सारवून लगेच कॅमेरा सुरू केला तर एकाच संभाषणात जमिनीचा रंग दोनदा बदललेला आढळेल.

इथपर्यंत झाले ते बांधकाम. खरे नेपथ्य यानंतर सुरू होते. नव्या झोपडीत बसून स्वतःला विचारावे की इथे पाच माणसे दहा वर्षे राहिली असती तर कोठे काय झिजले असते? चुलीमागची भिंत काजळीने काळी झाली असती, पण ती सरसकट नव्हे. धूर वर जातो म्हणून आढ्यापाशी दाट आणि खाली विरळ. दाराच्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर हातांचा मेणचट तकतकीतपणा आला असता. म्हातारा माणूस ज्या कुडाला टेकून बसतो तिथे, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा गोल डाग पडला असता. मुलांची उंची जिथवर तिथवर कोपरे घासून गोलावले असते. काजळीसाठी दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात कालवून फडक्याने टिपावी, तेलाच्या डागासाठी खरेच तेल लावावे. ब्रशने ओढलेला डाग ब्रशनेच ओढलेला दिसतो.

हीच दृष्टी हातातल्या वस्तूला लावावी. बाजारातून आणलेला कोयता घ्या. त्याची मूठ पिवळी, कोरी आणि कोनदार असते, पाते सर्वत्र सारखे चमकते, आणि तो कमरेच्या आकडीत अडकवलेला दिसला की प्रेक्षक नट विसरून कोयत्याकडे पाहू लागतो. मुठीवर जिथे तर्जनी आणि अंगठा मिळतात तिथे पॉलिश पेपरने खोलगट घासावे, शेवटाकडचे कोन मोडावेत, मग गोडे तेल आणि चुलीतली राख एकत्र करून ती मूठ दोन दिवस येता-जाता हातांनी चोळावी. पाते मिठाच्या पाण्याने ओले करून रात्रभर दवात ठेवावे, म्हणजे गंज धरतो. आणि सकाळी फक्त धार तेवढी दगडावर उजळावी. माणूस हत्याराला रोज धार लावतो, पाते मात्र कधी घासत नाही, म्हणून धार पांढरी आणि पाते काळे हीच वापरातल्या कोयत्याची ओळख. झटापटीच्या दृश्यासाठी याच कोयत्याची लाकडात किंवा रबरात हुबेहूब दुसरी प्रत करावी आणि खरा कोयता त्या वेळी पेटीत कुलपाखाली ठेवावा.

कालविपर्यास हा या कामातला मोठा शत्रू आहे. १९४३ सालच्या स्वयंपाकघरात मातीची, तांब्या-पितळेची, फार तर जर्मनची भांडी शोभतील. स्टेनलेस स्टीलचा पेला नको. नायलॉनची दोरी, निळी ताडपत्री, रबरी स्लिपर आणि सिमेंटचे पत्रे यांची आपल्या नजरेला इतकी सवय झाली आहे की ती दिसेनाशी होतात, म्हणून चित्रणापूर्वी एका माणसाने केवळ याच वस्तू हुडकण्यासाठी चौकटीतून फेरी मारावी. गाजरगवतसुद्धा आपल्याकडे पसरले ते १९५० नंतर. दस्त्याच्या वाटेवर ते दिसता कामा नये, तेव्हा आदल्या दिवशी हातमोजे घालून उपटून काढावे. सरकारी जाहीरनामा दाखवायचा असेल तर संगणकावरील गुळगुळीत अक्षर टाळून जुन्या खिळे-छपाईच्या वळणाचे अक्षर घ्यावे, कागद चहाच्या कोमट पाण्यातून काढून सावलीत वाळवावा, आणि घडी जिथे पडते तिथेच तो मळवावा.

जुन्या वस्तू वाडी-वस्तीतून उसन्या मिळतात, आणि लोक त्या मोठ्या मनाने देतात. म्हणूनच हा व्यवहार चोख असावा : वस्तूचे छायाचित्र, मालकाचे नाव, घेतल्याची तारीख आणि परत दिल्याची सही यांची एक वही ठेवावी, आणि मोडतोड झाल्यास भरपाई किती हे आधीच बोलून घ्यावे. देव्हाऱ्यातले टाक मात्र मागू नयेत. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात जे मुखवटे नाचवतात तेही त्या लोकांच्या लेखी देवच आहेत. चित्रपटासाठी मुखवटा हवा असेल तर कागदाचा लगदा, मेथीची भुकटी आणि खळ यांचा नवा मुखवटा आपण करावा, आणि तोही तिथल्या कारागिराला विचारून, त्याचे मोल देऊन.

आता तो मनोरा. विजेचे मनोरे पाडून कारखान्यांचा पुरवठा तोडणे हे कोतवालांच्या आझाद दस्त्याचे प्रमुख कार्य होते, तेव्हा हे दृश्य टाळून चित्रपट पुरा होणार नाही. शंभर फुटांचा मनोरा पाडता येत नाही. चार फुटांचा येतो. पण चार फुटांचा मनोरा पडताना चार फुटांच्या वस्तूसारखाच झटकन पडतो आणि सारा आभास नाहीसा होतो. यावरचा उपाय गणिताचा आहे. शंभर फुटांवरून सोडलेला दगड सुमारे अडीच सेकंदांत जमिनीवर येतो, चार फुटांवरून सोडलेला अर्ध्या सेकंदात. उंची पंचवीस पटींनी कमी झाली, वेळ मात्र पाच पटींनीच. म्हणजे प्रतिकृती जितक्या पटींनी लहान, त्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटींनी कॅमेऱ्याचा वेग वाढवावा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी दाखवला जातो, तेव्हा एक पंचवीसांश प्रतिकृतीसाठी १२० चौकटींचा वेग हवा, आणि तो आजच्या बऱ्याच मोबाईलमध्ये असतो. प्रतिकृती एक नवमांश केली तर ७२ पुरतात, एक षोडशांश केली तर ९६ लागतात.

मनोऱ्याचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा करावा. बुरूडकामात मुरलेला हात ज्या सफाईने कामटी सोलतो ती सफाई इथे फार उपयोगी पडते. सांधे बारीक तारेने बांधावेत, सर्वांगाला राखी रंग द्यावा आणि सांध्यांपाशी गेरूने गंज दाखवावा. चारपैकी दोन पाय बिजागरीवर बसवावेत, उरलेले दोन नुसते टेकलेले ठेवून त्यांना चौकटीबाहेरून ओढायची दोरी बांधावी. माती पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावी, कारण वाटाण्याएवढा खडा या मापात वीतभर धोंडा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, कॅमेरा खाली आणावा. पाच फुटांवरचा माणसाचा डोळा या मापात जमिनीपासून अडीच इंचांवरही येत नाही. भिंग त्याहून वर गेले की खेळणे दिसू लागते. ही सर्व मांडणी उघड्या माळावर, फळीवर माती पसरून, मागे खरी सह्याद्रीची रांग येईल अशी करावी आणि भर उन्हात चित्रण करावे. वेग वाढला की प्रकाश अधिक लागतो, शिवाय जवळची प्रतिकृती आणि दूरची रांग दोन्ही स्पष्ट दिसण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते.

बंदुकीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : खरी बंदूक, मग ती परवान्याची असो, रिकामी असो, कोणाच्याही शपथेवर असो, चित्रणस्थळी येऊ देऊ नये. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तालमीच्या वेळी हाताळल्या जाणाऱ्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि हलिना हचिन्स ही छायाचित्रकार मृत्यू पावली. तिथे अनुभवी आणि नामांकित माणसे होती. लाकडाची बंदूक करावी, नळीसाठी पाइप वापरावा, दस्त्याला जवसाचे तेल पाजावे, आणि नळीच्या तोंडची ज्वाला संकलनाच्या वेळी संगणकावर घालावी. गोळी मातीत घुसल्याचा आभास हवा असेल तर रबरी नळी जमिनीखालून नेऊन तिच्या तोंडाशी चाळलेल्या मातीची पुरचुंडी ठेवावी आणि दुसऱ्या टोकाला सायकलच्या पंपाने जोराचा झटका द्यावा. कपड्याखाली फुटणारी दारूची टिकली हे परवानाधारक तज्ज्ञाचे काम आहे. हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. रक्तासाठी साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पुरेसा होतो, मात्र वाळलेले रक्त तपकिरी दिसते हे ध्यानात ठेवून जखमेच्या दुसऱ्या दिवशीचा रंग निराळा कालवावा, आणि पाकावर मुंग्या येतात म्हणून तो लावल्यावर नटाला फार वेळ जमिनीवर झोपवू नये.

धुके आणि धूर यांसाठी भाड्याचे धूरयंत्र बरे. बंद खोलीत टायर किंवा थर्माकोल जाळण्याचा प्रकार कोठे कोठे चालतो, तो विषारी असून सर्वथा त्याज्य आहे. पावसाचे बोलायचे तर माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी कृत्रिम पावसाच्या खर्चात न पडलेले बरे, तरी एक सूत्र सांगतो : थेंब दिसतात ते मागून प्रकाश पडला तरच, समोरून उजेड टाकल्यास मुसळधार पाऊसही पडद्यावर अदृश्य होतो.

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा वाटला तरी चुकवता येण्यासारखा नाही. सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येतो आणि शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून चित्रण करता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तिथे आग पेटवणे हा अपराध आहे. शेकोटीचे, जळत्या घराचे, धुराचे दृश्य म्हणून आपल्या किंवा संमती दिलेल्या शेतकऱ्याच्या रानात, गवत कापून मोकळ्या केलेल्या जागेत, पाण्याची पिंपे आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवून करावे. बांबूविषयीही जपून असावे. खाजगी जमिनीतील बांबू वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ‘झाड’ या व्याख्येतून वगळला असला तरी जंगलातल्या बांबूला आणि कारवीला हात लावण्यापूर्वी वनखाते आणि ग्रामसभा या दोहोंना विचारले पाहिजे. शहापूर तालुका सबंध आणि मुरबाडातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तिथे ग्रामसभेचा शब्द हा उपचार नसून अधिकार आहे.

ज्यांना या कामात पुढे जावेसे वाटेल त्यांनी हे जाणून असावे की वाट फार लांब नाही. डोंगरापलीकडे कर्जतजवळ नितीन चंद्रकांत देसाई या कोकणातल्या दापोलीत जन्मलेल्या कलादिग्दर्शकाने २००५ साली स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि ‘जोधा अकबर’चे महाल तिथे बांधले गेले, गोरेगावची चित्रनगरी कसारा लोकलने दादरला येऊन पश्चिम रेल्वे धरली की गाठता येते, आणि तिथे सुतार, रंगारी, साचेकार यांची गरज नेहमीच असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाचे रीतसर शिक्षण मिळते. तिथे अर्ज करताना जवळ दाखवण्यासारखे काम हवे, म्हणून आपण केलेल्या प्रत्येक दृश्यस्थळाची मोजमापे, आराखडे आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे एका दप्तरात नीट लावून ठेवावीत.

शेवटचे काम मोडणीचे. चित्रण संपल्याबरोबर घाईने काहीही पाडू नये. संकलनात एखादे दृश्य उणे पडल्याचे ध्यानात येते तेव्हा ती भिंत पुन्हा लागते, म्हणून निदान पहिले जुळवलेले चित्र पाहून होईपर्यंत सेट उभा ठेवावा. मग बांबू, वासे आणि पेंढा ज्याच्या रानात काम केले त्याला विचारून द्यावा, थर्माकोल आणि रंगाचे डबे न जाळता, न पुरता गाडीत घालून परत न्यावेत, खिळे लोहचुंबक फिरवून वेचावेत कारण त्याच रानात उद्या अनवाणी माणसे आणि गुरे चालणार असतात, आणि उसन्या वस्तूंची वही घेऊन ज्याची त्याची वस्तू पुसून-वाळवून घरपोच करावी व सही घ्यावी.